टॅक्सीत बसलेल्या माणसाचं काय?

'एअरप्लेन!' हा १९८० चा सिनेमा सुरू होतो तेव्हा हिरो टेड स्ट्रायकर टॅक्सी ड्रायव्हर असतो. एअरपोर्टबाहेर गाडी लावतो, एक पॅसेंजर मागे बसतो, हा मीटर टाकतो आणि आलोच एका मिनिटात म्हणून जो आत पळतो तो थेट विमानातच चढतो. मग जेवणातून विषबाधा, वादळ, पायलट आडवा, सगळं होतं, विमान कसंबसं उतरतं, सिनेमा संपतो, नावं वर सरकायला लागतात आणि त्या पॅसेंजरला आपण केव्हाच विसरलेलो असतो. सगळी नावं संपल्यावर अगदी शेवटी तो परत दिसतो. टॅक्सीतच. घड्याळ बघतो आणि म्हणतो अजून वीस मिनिटं थांबीन, जास्त नाही.

मागच्या थँक्सगिव्हिंगला ताईकडे अमेरिकेत एडिसनला होतो तेव्हा भाच्याला बसवून हा सिनेमा दाखवला. पोरगं चौदा वर्षांचं, सहजासहजी हसत नाही, पण हसलं, दोनदा तर सोफ्यावरून खाली घसरलं. शेवट आला, नावं सुरू झाली आणि तीन सेकंदांत ॲपने सिनेमा उचलून कोपऱ्यात टाकला, पोस्टाच्या तिकिटाएवढा करून, आणि बाकीच्या स्क्रीनवर कुठल्यातरी भलत्याच मारामारीच्या पिक्चरचा ट्रेलर दणदणायला लागला. मी अरे थांब थांब रिमोट दे म्हणेपर्यंत उलटे आकडे संपले पण. "मामा, संपला की पिक्चर." नाही ना संपला बाळा, टॅक्सीतला माणूस राहिला.

आता कुणी म्हणेल एका जोकसाठी एवढा कशाला जीव काढायचा. एक नाही हो. त्या नावांमध्येसुद्धा जोक पेरलेत, मधेच कुठेतरी 'अ टेल ऑफ टू सिटीज'चे लेखक म्हणून चार्ल्स डिकन्सचं नाव येतं, ज्याचा या सिनेमाशी काडीचा संबंध नाही, आणि कॉपीराइटची ती नेहमीची धमकी संपल्यावर खाली 'कळलं ना!' अशा थाटात दोन शब्द चिकटवलेत. म्हणजे बनवणाऱ्यांनी शेवटचा कागदसुद्धा कोरा सोडला नव्हता आणि आज तो आपल्यासमोर येतच नाही. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करता येतं काही ॲपमध्ये, मान्य, पण शेवटी काहीतरी आहे हेच माहीत नसलेला माणूस सेटिंगमध्ये कशाला जाईल?

तर माझं म्हणणं एवढंच आहे. स्पूफ म्हणजे टर उडवणारी कॉमेडी ही जातच अशी आहे की तिची कॉपी आपल्या घरात, आपल्या ताब्यात असल्याशिवाय ती पुरती हाती लागत नाही. आणि ॲपवर 'बाय' म्हणजे 'विकत घ्या'चं बटण दाबून जे मिळतं ती आपली कॉपी नसते, तिला विक्री म्हणू देणं कायद्याने बंद केलं पाहिजे, नाहीतर विकलं म्हणता ना, मग वस्तू हातात द्या.

माझ्या म्हणण्याच्या पहिल्या भागापासून सुरू करतो कारण त्याची गोष्ट मला फार आवडते. डेव्हिड आणि जेरी हे झकर बंधू आणि त्यांचा दोस्त जिम एब्राहम्स, तिघे मिलवॉकीकडचे. १९७१ मध्ये मॅडिसनला त्यांनी केंटकी फ्राईड थिएटर नावाचा विनोदी शो काढला आणि पुढच्या वर्षी बाडबिस्तरा गुंडाळून लॉस एंजेलिसला गेले. शोमध्ये टीव्हीवरच्या जाहिरातींची टर उडवायची असायची, त्यासाठी कच्चा माल पाहिजे, आणि येडछाप जाहिराती लागतात रात्री उशिरा. मग काय, व्हिडिओ रेकॉर्डर रात्रभर चालू ठेवायचा आणि नंतर टेप बघायची. असंच एकदा जाहिरातींच्या जोडीला टेपमध्ये एक अख्खा सिनेमा सापडला, १९५७ चा 'झीरो अवर!'. अत्यंत गंभीर चेहऱ्याचा सिनेमा, विमानात मासे खाल्लेले सगळे आजारी पडतात, पायलटसकट, आणि युद्धातल्या आठवणींनी खचलेल्या एका माजी पायलटला विमान उतरवावं लागतं. त्या पायलटचं नाव टेड स्ट्रायकर. हो, तेच नाव, इंग्रजीत एका अक्षराचा फरक करून यांनी तसंच उचललं, पण चोरी म्हणू नका, कथा आणि संवाद जवळजवळ जसेच्या तसे वापरायचे म्हणून या पोरांनी त्या सिनेमाचे हक्क रीतसर विकत घेतले होते.

बघा म्हणजे, जगातल्या सगळ्यात गाजलेल्या स्पूफपैकी एक सिनेमा जन्माला आला तो मुळात टीव्हीवरचं टेप करून पुन्हा पुन्हा बघण्यातून. एकदा बघून कुणाला असा सिनेमा सुचत नाही. एखादा गंभीर संवाद पाचव्यांदा ऐकला की तो आपोआप हास्यास्पद व्हायला लागतो, आपण लहानपणी घरातल्या काकांची नक्कल करायचो ती तरी कशी, तेच वाक्य रोज ऐकून ऐकूनच ना.

आणि गंमत म्हणजे असं घरी टेप करणं कायदेशीर आहे का हे तेव्हा ठरलेलंसुद्धा नव्हतं. १९७६ मध्ये युनिव्हर्सल आणि डिस्नीने सोनीवर केस टाकली की तुमच्या बेटामॅक्स मशीनमुळे लोक आमचे सिनेमे घरी उतरवून घेतात. ती केस गेली सुप्रीम कोर्टापर्यंत आणि जानेवारी १९८४ मध्ये निकाल लागला, पाच विरुद्ध चार, की टीव्हीवरचा कार्यक्रम नंतर बघायला घरी टेप करणं हा गुन्हा नाही. एका मताने वाचलं. ते एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर पुढची व्हिडिओ लायब्ररी, कॅसेटची दुकानं, हे सगळं कसं उभं राहिलं असतं देव जाणे. म्हणजे घरातल्या कॉपीवर आपला हक्क किती हा प्रश्न काही आजचा नाही, दर पिढीत नवीन मशीन येतं आणि तोच प्रश्न परत उभा राहतो, आणि दर वेळी कंपन्या म्हणतात की आता मात्र आम्ही बुडालो.

आता दुसरं, म्हणजे हा सिनेमा घरी का बघायचा. एक सीन सांगतो. पायलटला एका मोठ्या डॉक्टरचा फोन येतो, प्रसिद्ध मेयो क्लिनिकमधून. डॉक्टर टेबलाशी बसून अतिशय गांभीर्याने फोनवर बोलतोय आणि त्याच्यासमोर टेबलावर एक जिवंत हृदय टुणटुण उड्या मारतंय. पहिल्यांदा बघताना सगळे त्या हृदयाकडे बघतात, बघणारच. मी पण तेच बघितलं. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा बघताना पॉज केलं चहा आणायला, परत येऊन बसलो आणि डॉक्टरच्या मागच्या शेल्फकडे लक्ष गेलं. औषधं नाहीत, बरण्या आहेत. मेयोनीजच्या बरण्या. ओळीने, शेल्फभर. मी एकटाच खोलीत बसून एवढा हसलो की शेजारच्या रूममधला तेलुगू मित्र बघायला आला काय झालं म्हणून. (आणि २००६ साली मला त्याला मेयोनीज म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं होतं, आता आपल्याकडे गल्लीतला सँडविचवाला पण मेयो एक्स्ट्रा पाहिजे का विचारतो.)

असे सीन यात ढिगाने आहेत. नन 'बॉईज लाईफ' मासिक वाचत असते आणि मुलगा 'नन्स लाईफ' वाचत असतो, काही सेकंद फक्त. लॉईड ब्रिजेस हा नट ज्या फोटोच्या शेजारी उभा राहतो तो त्याचाच फोटो असतो, त्याच पोझमध्ये. जेट विमान दिसतं पण आवाज सबंध सिनेमाभर पंख्याच्या इंजिनाचा. ८७-८८ मिनिटांत एवढं कोंबलंय की थिएटरात एका जोकच्या हशात पुढचे दोन बुडतात, हा सिनेमा थिएटरात पूर्ण दिसणं जवळजवळ अशक्यच. पॉज आणि रिवाइंडचं बटण घरात आल्यावर तो पुरा दिसला. शेवटच्या टॅक्सीतल्या माणसाचंही तसंच, तो हॉवर्ड जार्विस, नट नव्हेच, कॅलिफोर्नियात १९७८ मध्ये मालमत्ता कर कापायला लावणाऱ्या प्रपोझिशन १३ चा म्होरक्या. आयुष्यभर पैसे वाचवा म्हणून बोंबलणारा माणूस चालू मीटरच्या टॅक्सीत बसवून ठेवलाय! हे मला कळायला वर्षं गेली, कुठेतरी वाचलं, मग डिस्क काढून परत शेवट बघितला. डिस्क होती म्हणून काढली.

२००७ मध्ये 'झीरो अवर!' पण डीव्हीडीवर आला आणि मग दोन्ही सिनेमे आलटून पालटून लावायची सोय झाली. तेव्हा कळलं की मूळ सिनेमात पायलटच्या भूमिकेत एल्रॉय हिर्श हा खराखुरा अमेरिकन फुटबॉलपटू होता, म्हणून यांनी कॉकपिटमध्ये करीम अब्दुल-जब्बारला बसवलाय. विमानातला एक लहान मुलगा त्याला ओळखतो आणि हा आपला नाही नाही मी को-पायलट आहे म्हणत बसतो. एवढी वर्षं मी त्याला नुसता एक बास्केटबॉलवाला आणून बसवलेला जोक समजत होतो. मूळ सिनेमा ज्याच्याकडे नाही त्याला अर्धाच जोक मिळतो, म्हणून म्हणतो की या जातीच्या सिनेमाला कपाट लागतं.

आणखी एक पुरावा देतो आणि हा माझ्या मते सगळ्यात मोठा आहे. याच तिघांनी १९८२ मध्ये 'एअरप्लेन!'मधल्याच लेस्ली नील्सनला घेऊन 'पोलीस स्क्वॉड!' ही सिरीयल काढली, एबीसीवर. सहा भाग बनले, चार दाखवून चॅनलने बंद केली. कारण काय दिलं चॅनलच्या साहेबांनी, तर म्हणे ही सिरीयल समजायला प्रेक्षकाला ती बघावी लागते! म्हणजे भाजी निवडता निवडता, फोनवर बोलता बोलता नुसती ऐकून चालत नाही, स्क्रीनकडे बघावं लागतं, हा तिचा दोष. नंतर तेच भाग कॅसेटवर आले, लोकांनी घरी आणून डोळे फाडून बघितले, आणि १९८८ मध्ये त्याच पात्राचा 'द नेकेड गन' आला आणि दणकून चालला. बघण्यासाठी बनवलेल्या विनोदाला टीव्हीने मारलं आणि कॅसेटने जगवलं. आजचं स्ट्रीमिंग दिसायला कॅसेटसारखं असलं तरी त्याची वृत्ती त्या जुन्या चॅनलचीच आहे, पुढचं लाव, पुढचं लाव.

आता पैशाचा मुद्दा. ताईने काही वर्षांपूर्वी एका ॲपवर पाच-सहा सिनेमे 'बाय' करून ठेवले होते, भाड्याने नाही, पूर्ण किंमत देऊन. त्यातला एक एके दिवशी यादीतून गायब. फोन केला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली की त्या सिनेमाचे हक्क आता आमच्याकडे नाहीत आणि तुम्ही मान्य केलेल्या अटींमध्ये हे लिहिलेलं आहे. ताई म्हणाली मग बटणावर 'बाय' का लिहिलंय? त्यावर उत्तर नाही. उद्या कपड्याच्या दुकानदाराने वर्षभराने घरी येऊन कपाटातली साडी काढून नेली, मिलचं आणि आमचं बिनसलं म्हणून, तर आपण काय करू? पोलिसात जाऊ. इथे आपण 'ओके' दाबतो.

ताईची एकटीची गोष्ट नाही ही. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने जाहीर केलं होतं की प्लेस्टेशनवर लोकांनी पैसे देऊन घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम वर्षाअखेर त्यांच्या खात्यांमधून काढून टाकणार. फार बोंबाबोंब झाली तेव्हा निर्णय मागे घेतला. कॅलिफोर्नियाने मग कायदा केला, १ जानेवारी २०२५ पासून लागू, की डिजिटल वस्तू विकताना गिऱ्हाइकाला फक्त परवाना मिळतोय हे स्पष्ट सांगितल्याशिवाय 'बाय' किंवा 'पर्चेस' शब्द वापरायचा नाही, आणि कायमची डाउनलोड करून ठेवता येणारी वस्तू असेल तर हा नियम लागू नाही. चांगलं पाऊल आहे, पण माझ्या मते अर्धंच. आणखी एक सूचना छापली, आणखी एक टिक करायला लावली, आपण न वाचता टिक करणार, संपलं. मला विचाराल तर सरळ नियम पाहिजे: विक्री म्हणायचं असेल तर अशी फाईल द्या जी मी माझ्या ड्राइव्हवर ठेवीन आणि तुमची कंपनी बुडाली तरी चालेल. नाहीतर बटणावर 'भाड्याने' लिहा, मुदत आम्हालाही माहीत नाही असं खाली लिहा, आणि किंमत तशी लावा.

अमेरिकेत डिस्कचं बरं होतं कारण तिथे जुना नियम आहे की एकदा कॉपी विकली की तिचं पुढे काय करायचं ते घेणाऱ्याच्या हातात, विका, उसनी द्या, लायब्ररीत ठेवा. कोलंबसला ऑनसाईट असताना मी पब्लिक लायब्ररीतून एकेका वेळी दहा-दहा डीव्हीडी फुकट आणायचो, आणि 'एअरप्लेन!'ची ती २००५ ची, 'डोन्ट कॉल मी शर्ली' नावाची एडिशन मी सेकंडहँडच्या टोपलीतून तीन डॉलरला उचलली. (त्या नावातला जोक मराठीत सांगता येत नाही, 'शुअरली' आणि 'शर्ली' सारखं ऐकू येतं एवढंच, समजावला की मेला.) आज तीच बाजारपेठ आटत चाललीय, बेस्ट बाय या दुकानांच्या साखळीने २०२४ मध्ये डिस्क विकणं बंद केलं, नेटफ्लिक्सने पोस्टाने डीव्हीडीची लाल पाकिटं पाठवायचं २९ सप्टेंबर २०२३ ला थांबवलं.

डिस्क काही संत नव्हती हेही सांगतो, नाहीतर म्हणाल म्हाताऱ्याला सगळं जुनं ते सोनं वाटतंय. ती तीन डॉलरची डीव्हीडी घेऊन मी पुण्याला आलो, हौसेने लावली तर स्क्रीनवर चुकीचा रिजन. डिस्क कुठल्या देशांत चालेल ते ठरवणारा हा नंबर, अमेरिका रिजन १, भारत रिजन ५, म्हणजे पैसे देऊन घेतलेली वस्तू माझ्याच घरात चालायला नकार देतेय. शेवटी एका मित्राने रिमोटवर दाबायचे आकडे सांगितले, ट्रे उघडा ठेवून चार आकडे दाबायचे, मग प्लेअर सगळे रिजन वाचायला लागतो, त्या काळात हे आकडे लोक एकमेकांना एसएमएस करायचे. शिवाय डिस्कला ओरखडे पडतात, काही आतून खराब होतात, आणि नवीन लॅपटॉपला ती घालायला भोकच नसतं. सगळं खरं. पण ओरखडा पडला तर माझ्या हातून पडला, आणि माझ्या डिस्कमधला सीन कुणी रात्रीत येऊन बदलू शकत नाही.

बदलतात का? बदलतात की. २०२० मध्ये डिस्ने प्लसवर 'स्प्लॅश' आला त्यात हिरोईनची पाठमोरी दृश्यं झाकायला केस कॉम्प्युटरने वाढवले होते. २०२३ मध्ये 'द फ्रेंच कनेक्शन'ची जी आवृत्ती क्रायटेरियन चॅनल या स्ट्रीमिंग सेवेवर दिसत होती तिच्यात वंशद्वेषी शिवी असलेला तुकडाच गाळलेला लोकांना आढळला, आणि प्रेक्षकाला आधी कुणी काही सांगितलं नव्हतं. डेव्हिड झकर हल्ली म्हणतो की 'एअरप्लेन!' आजही बनवता येईल, फक्त जोक काढून. मला तो थोडा रडका सूर वाटतो. त्या सिनेमात काही जोक खरंच आज घशात अडकतात, पायलट त्या लहान मुलाला जे प्रश्न विचारतो ते भाच्याबरोबर बघताना मी खोकल्याचं नाटक केलं. ते अडकू दे. वाटलं तर सुरुवातीला एखाद्या जाणकाराला दोन मिनिटं बोलायला बसवा, एचबीओ मॅक्सने २०२० मध्ये 'ब्लेझिंग सॅडल्स'ला तसंच केलं आणि सिनेमा जसाच्या तसा ठेवला, मला ते पटतं. पण गुपचूप कात्री नको, आणि कात्री लावलीच तर पडद्यावर तसं लिहा. झकरला जोक काढणाऱ्यांची भीती वाटते, मला जास्त भीती वाटते ती ज्यांना जोक होता हेच माहीत नाही अशांची. ॲपमध्ये नावं कोपऱ्यात ढकलणाऱ्या इंजिनिअरने काही विचार करून टॅक्सीतला माणूस कापलेला नाही, त्याला तो माणूस माहीतच नाही.

२०१० मध्ये 'एअरप्लेन!' अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत गेला, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसने हा जपण्यासारखा ठेवा आहे असं ठरवलं. छान झालं. पण रजिस्ट्रीमुळे सिनेमा माझ्या घरी येत नाही. आणि सरकारी तिजोरीवर पूर्ण विसंबून राहणं म्हणजे काय हे आपल्या पुण्याला वेगळं सांगायला नको, २००३ च्या जानेवारीत इथे जुन्या नायट्रेट फिल्म्सच्या साठ्याला आग लागली आणि कितीतरी रिळं राख झाली. चार ठिकाणी चार लोकांच्या कपाटात असलेली वस्तू एका आगीत जात नाही. आपल्याकडे मोझर बेअर कंपनीने २००७ च्या सुमारास २८ रुपयांना व्हीसीडी विकायला काढल्या होत्या, मराठी सिनेमे सुद्धा, चित्र काय फार भारी नसायचं पण लोकांनी पिशव्या भरभरून नेल्या. त्यातले काही आजही माझ्याकडे आहेत आणि ॲपवर शोधले तर सापडत नाहीत. सापडले तर कधी जातील याचा भरवसा नाही.

आमच्याकडे डिस्कचा तो कप्पा आईला डब्यांसाठी हवाय. दिवाळीपासून मागे लागलीय, सगळं मोबाईलवर असतं ना रे आता, मग या तबकड्या कशाला. मी म्हटलं आई, थांब, अजून वीस मिनिटं.